माळ्यावरचा बिडाचा तवा पुन्हा चुलीवर कसा आणावा

सासूबाईंचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा माझ्या हातून फुटला तो १९८७ च्या श्रावणात. आंबोळ्या झाल्या, मी तवा गॅसवरून उतरवला आणि तसाच नळाखाली धरला. टण्ण असा आवाज झाला आणि कडेपासून थेट मध्यापर्यंत चीर गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तवा पुसून त्यांनी कोपऱ्यात उभा करून ठेवला. त्यांच्या लग्नात तो माहेरून आला होता.

मी तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत कामाला होते. दिवसभर बीडच तपासायचं. भट्टीतून रस ओतायच्या आधी पळीभर रस पाचरीच्या साच्यात ओतायचा, थंड झाली की ती पाचर हातोड्याने मोडायची आणि मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचा. बारीक टोकाकडे पांढरं, मागे राखाडी. पांढरा भाग किती मिलिमीटर आला त्यावरून रसात काय कमी-जास्त आहे ते कळायचं. पुढच्या आठवड्यात त्या फुटलेल्या तव्याची एक कपची मी कामावर नेली, एमरी पेपरवर घासून आरशासारखी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पांढऱ्या जमिनीवर काळ्या, वाकड्या, किड्यांसारख्या रेघा दिसल्या. ते ग्रॅफाइट. शिसपेन्सिलीत असतं तेच.

गेल्या दिवाळीत भाचीने पुण्याहून फोटो पाठवला. तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा तवा गावच्या घराच्या माळ्यावर सापडला होता, गंजाने पार लाल झालेला. "आत्या, हा टाकून द्यायचा का?" मी तिला फोनवरून चार दिवस जे जे सांगितलं, ते इथे नीट लिहून काढते. तवा टाकायचा नसतो. पण तो काय आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो.

आधी ओळखा: बीड की पत्रा

घरात ज्याला सरसकट "लोखंडी तवा" म्हणतात त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक पत्र्याचा, जाड पोलादी पत्रा कापून ठोकून केलेला. दुसरा बिडाचा, म्हणजे वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतून केलेला. पत्र्यात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो, बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के. एवढ्याशा फरकाने सगळा स्वभाव बदलतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड ११५० ते १२०० अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणून ते ओतायला सोपं. पण तो जादा कार्बन थंड होताना लोखंडात मावत नाही. तो बाहेर पडून ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बसतो. त्याच त्या काळ्या रेघा. ग्रॅफाइटमध्ये स्वतःची ताकद काहीच नसते, त्यामुळे प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत आधीपासून असलेली एक बारीक फट असते. पत्र्याचा तवा आपटला तर पोचा येतो, बिडाचा आपटला तर तुकडा पडतो.

ओळखायची माझी रीत अशी. तवा त्याच्या कानापाशी, म्हणजे कडेच्या मुठीपाशी, दोन बोटांत लोंबता धरा आणि उलथण्याच्या दांड्याने हलकेच वाजवा. पत्रा बराच वेळ "टण्ण" वाजत राहतो. बीड "ठक्" म्हणून गप्प बसतं, कारण ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपनं गिळून टाकतात. लेथ मशिनचा बेड बिडाचा करतात तो याच गुणासाठी. मागची बाजूही बघा. बिडाच्या तव्याच्या पाठीवर वाळूचा खरखरीतपणा दिसतो, हाताला बारीक दाणे लागतात.

चीर आहे का ते बघा

हे गंज काढायच्या आधी करा, नाहीतर चार दिवसांची मेहनत वाया जाते. वरवरचा सुटा गंज काथ्याने झाडून घ्या. कापसाच्या बोळ्याने तव्याच्या दोन्ही बाजूंना रॉकेल पुसा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. जवळपास गॅस, निरंजन, उदबत्ती काहीही पेटलेलं नको. मग कोरड्या फडक्याने अगदी खडखडीत पुसा आणि वर शाळेतल्या खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. फौंड्रीत आम्ही ओतीव माल असाच तपासायचो. रेशनचं रॉकेल आता सहज मिळत नाही, पण वाटीभर कुणाकडे तरी निघतं. तपासून झालं की साबणाने दोनदा धुवा.

कडेपासून आत जाणारी रेघ दिसली तर तो तवा गॅसवर चढवू नका. तापला की चीर वाढते. वेल्डिंग करून देतो असं सांगणारे भेटतील. बिडाचं वेल्डिंग होतं, पण त्याला निकेलची कांडी लागते, आधी सबंध वस्तू तापवून घ्यावी लागते आणि नंतर अगदी सावकाश थंड करावी लागते. रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या तव्यावर तो जोड टिकेल असं मी तरी सांगणार नाही. भाचीच्या तव्यावर रेघ निघाली नाही. मला फार बरं वाटलं.

गंज काढणे

तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो धातूला चिकटून राहतो आणि आतल्या धातूला बऱ्यापैकी झाकतो. लोखंडाचा लाल गंज तसा नाही. तो ज्या लोखंडापासून झाला त्याहून कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, पापुद्रे धरतो आणि सुटतो. खाली नवं लोखंड उघडं पडलं की पुन्हा गंज. म्हणून तो पुरता काढल्याशिवाय वर तेल लावण्यात अर्थ नाही. गंजावर दिलेलं तेल गंजाबरोबरच निघून येतं.

पहिल्यांदा जाडं मीठ आणि चमचाभर तेल घालून काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने जोर लावून घासा. निम्मा गंज इथेच जातो. उरलेल्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या आणि तवा पूर्ण बुडेल अशा प्लास्टिकच्या टबात ठेवा. अर्ध्या तासाने काढा, तारेच्या घासणीने घासा, बघा. गरज असेल तर आणखी अर्धा तास. रात्रभर ठेवायचा मोह होतो, तो आवरा. आम्ल आधी गंज खातं आणि मग लोखंड खायला लागतं. भाचीने घाईत दोन तास ठेवला तर पृष्ठभाग राखाडी आणि खडबडीत झाला. त्याने नुकसान मोठं झालं नाही, पण पुढे थर बसायला तिला दोन दिवस जास्त लागले. व्हिनेगर नसेल तर चिंचेचा दाट कोळही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो.

मग पाण्यात खायचा सोडा कालवून तवा धुवा, म्हणजे भोकाभोकांत अडकलेलं आम्ल मरतं. आणि धुतल्या धुतल्या, एक मिनिटही न दवडता, पुसून मंद गॅसवर ठेवा. नुकतंच उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत केशरी होतं. तो नवा गंज दिसला तर घाबरू नका, तेलाच्या फडक्याने पुसला की जातो.

तेल कुठलं

तवा "मुरवणे" म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक ठिकाणी धड सांगत नाहीत. लोखंडाने तेल पिणं असं काही नसतं. पातळ लावलेलं तेल तापलं की त्यातले रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांना जोडले जातात, साखळ्यांच्या जाळ्या होतात आणि तेलाचं एक कडक, काळं, लोखंडाला घट्ट धरलेलं अस्तर तयार होतं. ऑइल पेंट वाळतो तो असाच. पाणी उडून तो वाळत नाही, तेल जोडलं जाऊन कडक होतं.

हे जोडलं जाणं कुठल्या तेलात किती होईल ते तेलाच्या रेणूंमध्ये दुहेरी बंध किती आहेत त्यावर ठरतं. ते मोजायला आयोडीन अंक वापरतात, अंक जेवढा मोठा तेवढे दुहेरी बंध जास्त. जवसाच्या तेलाचा अंक १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, शेंगदाण्याचा ९० ते १००, आणि खोबरेलाचा जेमतेम १०. म्हणजे खोबरेल तेलाने तवा मुरवायला बसलात तर आठवडाभर तापवलं तरी वर चिकट थरच राहील. कोकणातल्या माझ्या मैत्रिणी यावर माझ्याशी भांडतात, कारण त्यांच्या घरी घावनाच्या तव्याला खोबरेलच लागतं. घावन काढताना लावायला ते उत्तमच. अस्तर बसवायला मात्र नाही.

जवस सगळ्यात लवकर जोडलं जातं, चित्रकार आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरत आलेत. पण तव्यावर त्याचा थर कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढे कधीतरी खपल्या सुटतात. मी दोनदा करून पाहिलंय, दोन्हीदा तेच झालं. माझं मत करडईला. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते बेताने जोडलं जातं आणि थर थोडा चिवट राहतो. सोलापूर-मराठवाड्याकडे घरोघर हे तेल होतं, आता शोधावं लागतं. नाही मिळालं तर सूर्यफुलाचं घ्या. शेंगतेलानेही होतं, फेऱ्या जास्त लागतात एवढंच.

अस्तर बसवणे

तवा मंद आचेवर हाताला चटका बसेल इतका गरम करा. अर्धा चमचा तेल घाला आणि जुन्या सुती फडक्याने दोन्ही बाजूंना, कडेला, कानाला सगळीकडे चोळा. आता दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल लावलं ही चूकच झाली असं समजून पुसून काढा. तवा तेलकट दिसता कामा नये, नुसता ओलसर रंग दिसावा. इथेच बहुतेक जण चुकतात. थर जाड असला की वरचा भाग आधी कडक होतो, खाली हवा पोहोचत नाही आणि आतलं तेल कच्चं राहतं. रंगाच्या डब्यावर साय धरते तसंच. मग तवा चिकचिकीत होतो आणि लोक म्हणतात तवाच खराब.

आच मध्यम करा. खिडकी उघडा, पंखा लावा. थोड्या वेळाने निळसर धूर दिसू लागेल. तो धूर मंद राहील अशी आच ठेवून वीस मिनिटं थांबा. गॅसचा बर्नर लहान असतो, म्हणून तवा मधूनमधून सरकवत राहा, नाहीतर मध्यभाग जळेल आणि कडा कच्च्या राहतील. घरी मोठा ओव्हन असेल तर २३० ते २५० अंशांवर तासभर उलटा ठेवणं सगळ्यात चांगलं, सगळीकडे सारखी उष्णता मिळते. मग गॅस बंद करा आणि तवा आपोआप निवू द्या.

पहिल्या फेरीत तवा सोनेरी-तपकिरी होईल, डाग-डाग दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गडद तपकिरी. पाचव्या-सहाव्याला काळा. एका दिवसात सगळ्या फेऱ्या उरकायची गरज नाही, रोज रात्री स्वयंपाक आटपल्यावर एक केली तरी चालते. भाचीने तसंच केलं आणि रोज मला फोटो पाठवत राहिली.

आमच्या आईच्या वेळी हे असं काही मांडून करत नसत. रोज आंबोळ्या-धिरडी काढताना अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, इतकंच. त्या कांद्याने नेमकं काम व्हायचं. कांद्याचा कापलेला भाग ओला असल्यामुळे तो तेलाचा थर जाड होऊ देत नाही, पातळ फासून टाकतो. रोजचा एक पातळ थर, वर्षानुवर्षं.

चिकट झालेला तवा असेल तर पुन्हा घासायची गरज नाही. तेल न लावता मध्यम आचेवर अर्धा तास कोरडा तापवा, कच्चं तेल जोडलं जाईल. एवढ्यानेही चिकटपणा गेला नाही तरच घासून पहिल्यापासून करा.

वापरताना

दोन तवे ठेवा. भाकरीचा वेगळा, आंबोळी-घावनाचा वेगळा. आपल्या घरांतून हा नियम आहे आणि तो अगदी बरोबर आहे. भाकरीचा तवा कोरडा, कडक तापवावा लागतो, त्यावर पाण्याचा हात फिरवलेली भाकरी उलटते, वाफ उसळते. त्या तापाने तेलाचं अस्तर हळूहळू जळून जातं. भाकरीला त्याचं काही वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच तव्यावर आंबोळी घातली तर ती सुटणार नाही.

बीड सावकाश तापतं आणि तापलं की उष्णता धरून ठेवतं. दोन किलोचा बिडाचा तवा आणि त्याच आकार-जाडीचा ॲल्युमिनियमचा तवा घेतला तर ॲल्युमिनियमचा पाऊण किलोच भरेल. ॲल्युमिनियम दर किलोमागे जवळजवळ दुप्पट उष्णता धरत असलं, तरी एकूण हिशेबात बिडाचा तवा एकतृतीयांश पुढे राहतो. गार पीठ पडलं तरी तो एकदम थंड होत नाही, म्हणून जाळी पडते. पण उष्णता सगळीकडे पसरवायला त्याला वेळ लागतो. म्हणून पीठ घालायच्या आधी मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापवा. पहिली आंबोळी बिघडते ती बहुतेक वेळा या घाईमुळे.

ताप बघायला पाण्याचा शिंतोडा मारा. पाणी नुसतं बुडबुडत बसलं तर अजून वेळ आहे. चर्र होऊन लगेच उडालं तर पीठ घाला. थेंब मोत्यासारखे होऊन तव्यावर पळायला लागले तर तवा फार तापलाय, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार झाली आणि पाणी तव्याला टेकतच नाही. गॅस बारीक करा, मिनिटभर थांबा.

इंडक्शनवर बिडाचा तवा चालतो, पण सुरुवात सगळ्यात कमी अंकावर करा. कॉइलच्या वरचा भाग झटकन तापतो, कडा गार असतात, मधला भाग प्रसरण पावायला बघतो आणि कडा त्याला धरून ठेवतात. माझ्या हातून नळाखाली झालं त्याचंच हे दुसरं रूप. बीड दाब कितीही सोसतं, ताण सोसत नाही.

चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक असलेलं काही बिडाच्या कढईत शिजवत ठेवू नका. आंबट पदार्थ अस्तर सोडवतो, लोखंड विरघळवतो आणि भाजीला लोखंडी चव येते. लोखंड पोटात जातं ते चांगलंच, पण अस्तर गेल्याशिवाय एवढं जात नाही. वांगं किंवा कच्ची केळी काळी पडतात ते वेगळं. त्यांच्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची शाई करत तेव्हा हीच क्रिया व्हायची. अशी काळी झालेली भाजी बिघडली असं समजू नका.

धुण्याबद्दल: साबण लावला तर तवा बिघडतो हा समज जुन्या, कॉस्टिक जास्त असलेल्या साबणांच्या वेळचा. आजचं भांड्यांचं सौम्य लिक्विड एकदा फिरवलं तर जोडल्या गेलेल्या थराला काही होत नाही. धुण्याचा सोडा आणि राख मात्र नको. दोन्ही अल्कधर्मी, दोन्ही तेलाचा थर सोडवतात. पितळेला राख, तव्याला नाही. आणि तवा कोमट होईपर्यंत पाणी लावायचं नाही. या एका गोष्टीसाठी मी कुणालाही पुन्हा पुन्हा सांगायला तयार आहे.

शेजारच्या फळीवरची भांडी

भाचीने तव्याबरोबर आईचं पितळेचं पातेलंही आणलं. त्याची कल्हई गेली होती, आतून पिवळं दिसत होतं. अशा पातेल्यात पाणी तापवणं एक वेळ चालेल, पण दूध, आमटी, ताक, दही, लोणचं काहीही तापवू किंवा ठेवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधात आणि आंबटात तांबं उतरतं, आंबट कळकतं, आणि ते पोटात गेलं की मळमळ, उलट्या होतात.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला पातेलं भट्टीवर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाने आतून फिरवतो. नवसागर तापला की त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर धुऊन काढतं. तो थर राहिला तर कथिल पाण्याच्या थेंबासारखं गोळा होऊन घरंगळतं, पसरत नाही. आमच्या गल्लीत वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, आता भांड्यांच्या दुकानात विचारून शोधावा लागतो. तो सापडला की कांडी हातात मागून घ्या, कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथिल वाकताना कुरकुर आवाज करतं, आतल्या स्फटिकांची मांडणी झटक्याने पलटते त्याचा. शिसं असा आवाज करत नाही. कुरकुर आली नाही तर कल्हई करून घेऊ नका.

कथिल २३२ अंशांना वितळतं. फोडणीचं तेल तापलं की त्याच्या जवळपास पोहोचतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात फोडणी करायची नाही, ती लोखंडी पळीत करून वर ओतायची. रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर कल्हईचे थेंब होऊन तळाशी साचतील.

स्टीलचं सोपं आहे. चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर वर असतो आणि ओरखडा पडला तरी हवेत आपोआप भरून येतो. त्याला मीठ मात्र खपत नाही. गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसंच बसू दिलं तर तिथे टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला, ढवळा. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर तो थर तापून जाड झालाय इतकंच, व्हिनेगरने जातात.

लोहचुंबक घेऊन दुकानात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उंची, असं नाही. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. आणि उलट, १८-८ चं पातेलं खोल दाबून केलेलं असेल तर काठाला चुंबक थोडा ओढला जातो, कारण दाबाने तिथली रचना बदलते. चुंबकाने नक्की कळतं ते एकच, भांडं इंडक्शनवर चालेल की नाही.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. डब्यांखालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका. काळा झालेला असेल तर त्यात चिंचेचं पाणी उकळा. धुण्याचा सोडा इथेही नको, तो ॲल्युमिनियम सरळ खातो.

पावसाळ्यात

तवा वापरात नसेल तर जूनच्या आधी एकदा तापवून, तेलाचं फडकं फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून उभा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट हवा कोंडते. तव्यावर झाकण पालथं घालून ठेवायचं असेल तर मध्ये कागदाची घडी ठेवा. आणि माळ्यावर ठेवणारच असाल तर भिंतीला टेकवू नका, भिंतीचा ओलावा ज्या बाजूने लागतो त्याच बाजूने गंज धरतो. आईच्या तव्याची एकच बाजू जास्त खाल्ली गेली होती, ती अशीच.

भाचीच्या तव्यावर सहाव्या फेरीनंतर पहिली आंबोळी घातली ती रविवारी सकाळी. मी फोनवर होते. कडा उचलल्या, तिने उलथणं न लावता तवा नुसता हलवला आणि आंबोळी सरकली.

सासूबाईंच्या तव्याची ती घासलेली कपची अजून माझ्याकडे आहे, कापसात गुंडाळून डबीत ठेवलेली. वर्षातून एकदा काढून तेलाचं बोट लावते. बाकीचा तवा सासूबाईंना विचारून मी फौंड्रीत नेला होता आणि त्यांच्याच सांगण्यावरून भंगारात न टाकता भट्टीत टाकायला दिला. त्या दिवशी पंपाचे भाग ओतले जात होते.